नेडीनची सॅक

६ जुलै, रविवार

नेडीनने आज गॅरेजच्या माळ्यावरून दोन्ही सॅक खाली काढल्या. झटकल्या, ओल्या फडक्याने पुसल्या, अंगणात उन्हाला ठेवल्या. संध्याकाळी त्यातली एक परत माळ्यावर गेली. माझी.

मी खिडकीपाशी माझ्या खुर्चीत बसून हे सगळं बघत होतो. ती आत आली तेव्हा विचारलं, "काय चाललंय हे?"

"कटलर तळ्यावर जातेय. सतरा तारखेला. तीन रात्री."

"कोणाबरोबर?"

"कोणाबरोबर नाही."

मला वाटलं थट्टा करतेय. पण नेडीनला थट्टा करताना ओठ दाबायची सवय आहे, आणि ओठ काही दाबलेले नव्हते.

आम्ही लग्न झाल्यापासून दर उन्हाळ्यात कटलर तळ्यावर जात आलो. मारेन लहान होती तेव्हा तिला पाठीवर घेऊनही गेलोय. पण नेडीन एकटी कधी गेलेली नाही. एवढंच काय, तिने स्वतःची सॅक कधी स्वतः भरलेली नाही. दोन्ही सॅक मी भरायचो. त्याचं एक शास्त्र असतं. स्लीपिंग बॅग तळाला, जड सामान मध्यावर आणि पाठीलगत, पावसाचं जाकीट वर हाताशी. हायस्कूलमध्ये मी जन्मभर मुलांना सुतारकाम शिकवलं, पण खरं सांगायचं तर सॅक भरण्यात माझा हात त्याहून चांगला होता. हात म्हणजे तेव्हाचे दोन्ही हात.

"आणि माझं काय?" मी विचारलं.

"मारेन येईल बॉयसीहून. बोललेय मी तिच्याशी."

म्हणजे मायलेकींचं आधीच ठरलं होतं. मला कळवण्याचं काम तेवढं राहिलं होतं.

रात्रीचं जेवण थंड चिकन आणि बटाट्याचं सॅलड. नेडीन ओट्यापाशी उभी राहूनच जेवली. हल्ली ती उभ्यानेच जेवते. कशी काय सवय लागली कोण जाणे.

८ जुलै, मंगळवार

यवेट येऊन गेली. ही माझ्या डाव्या हाताचे व्यायाम घेणारी बाई. ऑक्टोबरात पक्षाघाताचा झटका आल्यापासून आठवड्यातून एकदा येते. ही वहीसुद्धा तिनेच सुरू करायला लावली. रोज चार ओळी लिहा म्हणते, डोकं ताळ्यावर राहतं. मी तिला नेडीनच्या बेताबद्दल सांगितलं. वाटलं, ही तरी समजावेल. तर ती म्हणाली, "अरे वा! कधी निघतायत?" म्हणजे तीही त्यांच्याच बाजूची.

दुपारी नेडीन सामान आणायला गेली होती. परत आल्यावर बराच वेळ गाडीतच बसून राहिली. इंजिन बंद, काचा वर, दोन्ही हात चाकावर. रेडिओवर काहीतरी चांगलं लागलं असणार. पण एवढ्या उकाड्यात! मागे दूध गरम होत असेल म्हणून मी खिडकीच्या काचेवर टकटक केली. मग उतरली.

किराण्याबरोबर एक नवा तंबूही आणलाय. एका माणसाचा.

"आपला तंबू चांगला आहे की," मी म्हटलं. "मागच्याच वर्षी मी शिवणी डिंकाने पक्क्या केल्या होत्या."

"तो जड आहे. हा निम्म्या वजनाचा आहे."

"यात दोन माणसं मावणार नाहीत."

"नाही मावणार," ती म्हणाली, आणि दूध फ्रिजमध्ये ठेवायला गेली.

१० जुलै, गुरुवार

दिवाणखान्याच्या जमिनीवर सगळं सामान मांडलंय. चालायला जागा नाही, माझी काठी तीनदा अडखळली. मी खुर्चीतून सांगत होतो आणि ती ऐकत नव्हती.

"एक भांडं पुरेल?"

"पुरेल."

"सूप कशात, कॉफी कशात?"

"आधी सूप, मग त्याच भांड्यात कॉफी."

"कॉफीला कांद्याचा वास येईल."

"येऊ दे."

ओट्स, टॉर्टिया, पीनट बटर, सुकवलेलं बीफ. अस्वलाच्या भीतीने खाण्याची पिशवी फांदीला टांगायची दोरी. डासांसाठी डोक्यावर घ्यायची जाळी. जुलैत वलावा पर्वतात बर्फ वितळून जिथे तिथे पाणी साचतं आणि डास माणसाला उचलून नेतात. इथवर ठीक होतं. मग तिने उशी ठेवली. फुंकून फुगवायची उशी!

"हे कशाला? जाकिटाची घडी करून डोक्याखाली घेतात. आपण कायम तेच केलं."

"तू केलंस. माझी मान आखडायची."

"कधी बोलली नाहीस."

"मला झोपायचंय, ऑरिन."

"एवढं चढून जायचं ते झोपायला?"

"हो," ती म्हणाली. "झोपायलाच."

मला हसू आलं. मी म्हटलं, झोपायला पलंग काय वाईट आहे? ती मोजे गुंडाळत राहिली.

तिची भरण्याची पद्धत सगळी चुकीची आहे. गॅसचा डबा अगदी वर ठेवला. सांगितलं तर म्हणे, "तू भरून दिलेल्या सॅकमध्ये मला जन्मात कधी रुमाल वेळेवर सापडला नाही. नाक पुसायला अख्खी सॅक उपसायची. आता मला माहीत असू दे काय कुठे आहे ते."

हा आरोप मी पहिल्यांदाच ऐकतोय.

११ जुलै, शुक्रवार

आंघोळीचा वार. मला टबमधून उठवताना नेडीनची पाठ धरली. बराच वेळ टबाचा काठ पकडून तशीच वाकून उभी होती. मी म्हटलं, "बघ. ही पाठ घेऊन सॅक उचलणार तू?" मलम लावलं तिने. मला लावता आलं असतं, पण ती म्हणाली राहू दे.

मार्च महिन्यात तिने एक माणूस आणला होता, मार्विन प्रुइट. आधी लाकडांचा ट्रक चालवायचा, आता आजारी माणसांच्या घरी जाऊन त्यांचं करतो. आठवड्यातून तीन दिवस यायचा, मला आंघोळ घालायचा, व्यायाम करवायचा असं ठरलं होतं. दुसऱ्याच दिवशी मी त्याला घालवून दिलं. परक्या पुरुषाने मला साबण लावायचा? नेडीनने खूप समजूत घातली, नंतर बोलायची थांबली. तिचा हात वेगळाच आहे. कुठे दुखतं, कुठे नाही, तिला न सांगता कळतं. घरचं माणूस असताना बाहेरचं हवं कशाला?

१२ जुलै, शनिवार

ती शेजारी लायलकडे अंडी आणायला गेली तेव्हा काम उरकलं. प्रथमोपचाराचा पत्र्याचा डबा, जाड दोर, गॅसचा दुसरा डबा, माझी छोटी कुऱ्हाड. सगळं तिच्या सॅकमध्ये, बरोबर जागी, पाठीलगत. एका हाताने उपसून पुन्हा भरायचं म्हणजे काय असतं ते ज्याचं त्याने करून बघावं. पट्टा दातात धरून ओढला. घामाने शर्ट भिजला, पण कितीतरी महिन्यांत एवढं बरं वाटलं नव्हतं.

एकदा वर गेल्यावर तिला कळेल आणि हसेल. म्हणेल, हे सगळं होतं म्हणून बरं.

१३ जुलै, रविवार

सकाळी स्वयंपाकघरात आलो तर टेबलावर माझा डबा, दोर, गॅस आणि कुऱ्हाड ओळीने मांडलेले.

"कुऱ्हाड?" नेडीन म्हणाली. "मी काय झोपडी बांधायला चाललेय?"

"लाकूड ओलं असलं तर—"

"वर शेकोटीला बंदी आहे या महिन्यात. तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. विसरलो होतो. हे मी कबूल केलं नाही.

"ऑरिन, माझ्या सॅकला पुन्हा हात लावायचा नाही." आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं, मलाही चढवता आला असता.

१४ जुलै, सोमवार

पडलो.

गॅरेजमध्ये गेलो होतो. माळ्यावर माझी सॅक आहे, तिच्या वरच्या कप्प्यात नकाशा असायचा. कटलर तळ्याच्या अलीकडे ओढा ओलांडायची चांगली जागा कुठली, ते मी त्यावर पेन्सिलीने खुणावून ठेवलं होतं. तेवढा तिला द्यावा म्हटलं. नकाशा म्हणजे काही सॅकला हात लावणं नव्हे. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर डावा पाय ठेवला असं मला वाटलं. ठेवलेला नव्हता.

सिमेंटवर कुशीवर पडून होतो. नेडीन मागे कपडे वाळत घालत होती. हाका ऐकू गेल्या तेव्हा धावत आली. काही मोडलं नाही. पण उठवायला खूप झटली ती. काखेत हात घालून ओढायची, मी अर्धा उठायचो, पुन्हा दोघंही खाली बसायचो. शेवटी खुर्ची आणून तिच्या आधाराने उठवलं. मग ती गॅरेजच्या दाराला टेकून उभी राहिली. श्वास लागला होता तिला.

"नाही जात मी," ती म्हणाली.

देवाचे आभार. पडलो त्याचं वाईट वाटलं, पण त्यातून चांगलं निघालं.

नंतर ती बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला होता. एवढं पाणी वाया घालवणारी बाई नाही ती.

१५ जुलै, मंगळवार

घर कसं शांत आहे. जमिनीवरचं सामान गेलं, सॅक जिन्याखाली गेली. नेडीनने दुपारी मीट लोफ केला, माझ्या आवडीचा. दिवसभर जेमतेम दहा शब्द बोलली असेल, पण काम कुठलं राहू दिलं नाही. मला वाटतं तिचंही मन हलकं झालं असणार. ठरलेली गोष्ट रद्द झाली की एक सुटका असतेच.

संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून मारेनशी फोनवर बोलत होती. खिडकी उघडी होती. "नाही गं, आता नाही होत माझ्याने," असं म्हणाली. दोनदा म्हणाली. तळ्याच्या आधीचा शेवटचा चढ खरंच जीवघेणा आहे. वयाचा हिशोब तिला स्वतःलाच कळला हे उत्तम.

१६ जुलै, बुधवार

मारेन न सांगता येऊन थडकली. नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ जिन्याखाली गेली, नेडीनची सॅक बाहेर काढली आणि पुढच्या दाराशी आणून ठेवली.

"आई उद्या जातेय," ती म्हणाली.

"तुझी आई स्वतःच नको म्हणाली."

"मी विचारलं नाही, बाबा. मी सांगतेय."

नेडीन स्वयंपाकघरात होती. तिला सगळं ऐकू जात होतं, पण बाहेर आली नाही. भांडी घासण्याचा आवाज मात्र थांबला.

मी मारेनला सगळं समजावलं. वय, पाठ, ओढ्याचं पाणी, वीज कडाडली तर. परवा मी पडलो तेही सांगितलं. ती माझ्यासमोर उकिडवी बसली. मोजणी खात्यात नोकरी करते, दिवसभर शेतातून हिंडते, उन्हाने तिचं नाक सोललेलं असतं. लहानपणीसारखंच.

"तू मुद्दाम पडला नाहीस, माहीत आहे मला," ती म्हणाली. "पण एक सांगते, ऐकून घे. ती आता तीन रात्रींसाठी गेली नाही, तर पुढच्या वेळी तीन रात्रींसाठी जाणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काय ते तू बघ."

मला कळलं नाही. तीन नाही तर किती? दोन?

१७ जुलै, गुरुवार

गेली.

पहाटे निघाली. सॅक दारात उभी होती, मी चांगल्या हाताने उचलून पाहिली. हलकी होती. इतकी हलकी की मला धास्तीच वाटली, हिने काहीतरी महत्त्वाचं मागे ठेवलंय. पण काय ते सांगता येईना.

"रोज संध्याकाळी यंत्र दाबायचं," मी बजावलं. ते केशरी डबीएवढं यंत्र मारेनने दिलंय. फोन लागत नाही तिथूनसुद्धा निरोप पोचतो म्हणे.

"दाबेन."

"ओढा सकाळीच ओलांडायचा. दुपारी पाणी चढतं."

"माहीत आहे."

"कसं माहीत?"

"तुझ्याबरोबर इतक्या वेळा ओलांडलाय ना, ऑरिन." माझ्या कपाळावर ओठ टेकले आणि गेली. गाडी वळली तेव्हा तिने हात हलवला की आरसा नीट केला, ते दिसलं नाही.

संध्याकाळी मारेनच्या फोनवर निरोप: "पोचले. ठीक आहे."

१८ जुलै, शुक्रवार

मारेनला काही येत नाही. चहा पाण्यासारखा. गोळ्या द्यायला उशीर. आंघोळ घालताना डोळे मिटून घेत होती, आणि मीही. दोघांनीही डोळे मिटल्यावर साबण कुठे जाईल? माझ्या डोळ्यात गेला. मी ओरडलो, "नेडीन!" मारेनने डोळ्यांवर पाणी मारलं.

दुपारी डोंगरावर ढग काळे झाले, गडगडाट झाला. मी खिडकीतून हललो नाही. त्या एकट्याच्या तंबूचं कापड किती पातळ आहे ते मी पाहिलंय. संध्याकाळी निरोप आला: "गारा पडल्या. मजा आली." मजा!

जेवताना मारेन म्हणाली, "आई हे सगळं रोज करते?"

"हे म्हणजे काय?"

"हे. सकाळपासूनचं."

"त्यात काय एवढं?" मी म्हटलं. माझ्यासाठी जे करावं लागतं ते मोजून दाखवलं. मोजायला जरा वेळ लागला.

ती ओट्यापाशी उभी राहूनच जेवली. आईवर गेलीय.

१९ जुलै, शनिवार

रात्री चारपाच वेळा मारेनला उठवावं लागलं. एकदा पाय आखडला, एकदा पाणी, बाकी बाथरूम. नेडीन एका हाकेला येते. मारेनला तीन हाका लागतात. सकाळी कॉफीचा कप हातात धरून टेबलावरच झोपली. कप कलंडायला लागला तेव्हा मी तिला हलवून जागं केलं. डोळे उघडून तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी कोण ते आठवत नसावं.

ही नजर मी कुठेतरी आधी पाहिलीय.

निरोप: "ठीक."

२० जुलै, रविवार

दुपारी यायला हवी होती. आली नाही. मी तिसऱ्या प्रहरापासून दाराशी खुर्ची टाकून बसलो. मारेनने स्ट्रॉबेरी कापून ठेवल्या होत्या, त्यांना पाणी सुटलं.

संध्याकाळी निरोप आला: "आणखी एक रात्र. काळजी नको. उद्या."

मी म्हटलं, शेरीफला फोन लाव. पाय मुरगळला असणार, आणि आपण घाबरू नये म्हणून असं लिहिते. नेडीनचा स्वभावच तो. मारेन जागची हलली नाही. मी म्हटलं, तुला आईची पर्वा नाही. मी आणखीही काही बोललो, ते लिहीत नाही.

"ती हरवलेली नाही, बाबा."

"तुला काय माहीत?"

तिने फोन माझ्यापुढे धरला. नकाशा होता. ते यंत्र नुसतं निरोप पाठवत नाही, माणूस कुठे आहे तेही दाखवतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. नकाशावर एक निळा ठिपका. तळ्यावर नाही. वाटेवर नाही. पार खाली, जिथे डांबरी रस्ता संपतो आणि गाड्या लावतात तिथे.

"ही तर खाली आलीय!"

"हो. दुपारीच."

"मग गाडी बिघडली असणार. बॅटरी उतरली असेल. मी दोन महिने सांगतोय, बॅटरी बदल."

"तसं असतं तर तिने तसं लिहिलं असतं."

"टायर—"

"बाबा."

मी फोन मांडीवर घेऊन बसलो. तिथून आमचं घर तासाभराच्या अंतरावर. रस्ता चांगला आहे, वाटेत एक पूल, मग कुरणं, मग गाव. मी ठिपक्याकडे बघत होतो. वाटलं आता सरकेल. स्क्रीन काळी व्हायची, मी अंगठ्याने पुन्हा उजळायचो. बाहेरचा उजेड गेला. ठिपका तिथेच.

"तिला यायचं नाहीये का?" मी विचारलं.

मारेन सिंकपाशी कप धूत होती. तो कप स्वच्छ होता, मी आधीच पाहिला होता. ती धूतच राहिली.

२१ जुलै, सोमवार

सकाळी मारेनकडे मार्विन प्रुइटचा नंबर मागितला. तिच्याकडे होता. मायलेकी सगळं जपून ठेवतात.

मीच बोललो. "ऑरिन टव्हाइट बोलतोय."

तो म्हणाला, "ट्रक धुवायला जा म्हणाला होतात तुम्ही मला."

"म्हणालो होतो."

"विकला तो ट्रक."

"मग तुमच्याकडे वेळ असेल," मी म्हटलं.

फोनवर तो मोठ्याने हसला. त्याचं हसणं मला आवडलं असं नाही. उद्या सकाळी येतो म्हणाला. मी म्हटलं, आठवड्यातून तीन दिवस जमेल का. म्हणाला, पाचही जमतील, माझं तोंड सहन झालं तर. मी म्हटलं, कोणाला कोणाचं सहन व्हायचं ते बघू. फोन ठेवला.

मारेन दारात उभी राहून ऐकत होती. मग माझा शर्ट बदलायला आली. यावेळी डोळे मिटले नाहीत.

ठिपका दहाच्या सुमारास हलला. पुलावर आला तेव्हा मी फोन मारेनला देऊन टाकला. वाटलं, लपून पाहिल्यासारखं होतंय.

गाडी अंगणात आली. यावेळी नेडीन गाडीत बसून राहिली नाही, लगेच उतरली. नाक-कान भाजलेले, केसात पाइनच्या काड्या, दंडावर डासांच्या गांधी. सॅक एका खांद्यावर. मी काठी टेकत पायरीपर्यंत गेलो. मारेन आत निघून गेली.

"काल खालीच होतीस," मी म्हटलं. भांडायचं नव्हतं मला. पण तेच निघालं.

तिने नाकारलं नाही. "हो."

"रात्रभर?"

"गाडीत झोपले. मागची सीट पाडून." तिने सॅकचा पट्टा सावरला. "दुपारी खाली आले तेव्हा घरीच यायचं होतं, ऑरिन. सामान टाकलं, पट्टा लावला. किल्ली फिरवता येईना. हात ठेवून बसले होते. म्हटलं, पाच मिनिटं. मग अंधार पडला."

शेजारी लायलचा कोंबडा भलत्या वेळी ओरडत होता. तो तसाच आहे.

"मग आज का आलीस?"

तिने विचार केला. खरंच केला, मला बरं वाटावं म्हणून काहीतरी बोलली नाही. "माहीत नाही. सकाळी किल्ली फिरली. गाडी या बाजूला तोंड करून उभी होती."

मी इतका वेळ खुर्चीत बसून बोलण्याची तयारी केली होती, बॅटरीवर, ओढ्यावर, उशीर झाला की कळवण्यावर. त्यातलं एकही कामाला येईना.

"उद्यापासून मार्विन येतोय," मी म्हटलं.

"कोणी बोलावलं?"

"मी."

ती सॅकसकट पायरीवर बसली. सॅक मागच्या पायरीला अडकून तिच्या डोक्यामागे उंच झाली, टोपीसारखी. मी हसलो नाही. ती अंगणाकडे बघत म्हणाली, "तू त्याला पुन्हा हाकलशील."

"कदाचित," मी म्हटलं. "पण उद्या नाही."

२२ जुलै, मंगळवार

काल नेडीन संध्याकाळी झोपली ती अजून झोपलेली आहे. आमच्या पलंगावर नाही, मारेनच्या जुन्या खोलीत, दार लावून. मारेन सकाळी न्याहारी करून बॉयसीला गेली. जाताना दाराशी कान लावून आली आणि म्हणाली, "घोरतेय." जणू काही मोठी आनंदाची बातमी.

ती इथे राहणार आहे की नाही, हे मी विचारलेलं नाही. दोनदा तोंडाशी आलं होतं. विचारलं की उत्तर ऐकावं लागेल, आणि ते तिलाही अजून सापडलं नसेल. सप्टेंबरात पुन्हा जायचं म्हणतेय, तेवढं काल सूप पिताना बोलली. बसून पीत होती.

मार्विन वेळेवर आला. मला वाटलं होतं त्यापेक्षा जाडा झालाय. बूट दाराबाहेर काढले, हात धुतले, माझ्याकडे पाहून म्हणाला, "चला साहेब." मला साहेब कोणी म्हणत नाही. चिडवतोय हे कळलं, पण चाललो.

बाथरूम तिच्या खोलीला लागूनच आहे. मधली भिंत म्हणजे नुसती फळी. मीच बांधलीय, मला माहीत आहे तिच्यातून काय काय ऐकू जातं. मी टबात बसलो, शरमेने कानापर्यंत लाल. मार्विनने नळ सोडला. पाइप धडधडला. मी हात वर करून थांबवलं, मग त्याने नळ अगदी बारीक केला आणि मगाने पाणी घेऊ लागला. साबण हातात घेतला. त्याचे हात मोठे आहेत, खरखरीत आहेत, आणि नेडीनचे नाहीत. पाठीवर पहिला हात पडला तेव्हा मी श्वास रोखून धरला होता.

"जास्त गरम तर नाही ना?" त्याने नेहमीच्या मोठ्या आवाजात विचारलं.

"हळू," मी म्हटलं. "ती झोपलीय."

"जास्त गरम तर नाही ना?" त्याने कुजबुजून विचारलं.

"नाही," मीही कुजबुजून म्हटलं. "ठीक आहे."